बाबांच्या मॅरोत लिम्फोमा सापडला, आता केमो करून उपयोग आहे का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. वडील ५८ वर्षांचे, दिवाळीपर्यंत कापूस वेचत होते. मानेत गाठी आल्या. त्यातली एक काढून तपासली, तर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टर मंडळी त्याला डीएलबीसीएल म्हणतात. सीटीत पोटातही गाठी दिसल्या. एलडीएच (आजाराचा जोर दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) ६१२, हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट १ लाख ६० हजार. मग मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, काढला. रिपोर्टात 'लिम्फोमाचा शिरकाव आहे' असं आलं आणि केसपेपरवर कुणीतरी 'स्टेज ४' लिहून दिलं. तेव्हापासून घरात दोन तट आहेत. मोठे काका म्हणतात, चौथ्या स्टेजला पैसा कायले लावाचा. मुलगा विचारतो: बाबा किती दिवसांचे? केमो करावा का? बैलजोडी विकायला काढली आहे, विकू का? बहिणीला सिकलचं (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) निघालं होतं, त्याचा काही संबंध? आणि हे फवारणीमुळे झालं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पंचवीसेक वर्षं विदर्भातच कमरेच्या हाडात सुई घालतोय आणि त्यातून निघालेल्या तुकड्याच्या स्लाइड पाहतोय. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो, कारणं नंतर. केमो करा आणि ठरलेल्या तारखेलाच सुरू करा. मॅरोत लिम्फोमा सापडला म्हणून डीएलबीसीएल बरा होण्याची आशा सोडायची नसते. आशा किती ठेवायची, ते मात्र मॅरोत नेमकी कोणती पेशी सापडली यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात नेमकी तीच ओळ नाही.

'चौथी स्टेज' हा शब्द आपल्याकडे खर्‍यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, शिकवला आहे. प्रत्येक गावात खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला एकतरी माणूस लोकांनी पाहिलेला असतो. फुप्फुसात पसरला, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, दोन महिन्यांत संपला. काकांच्या डोळ्यांसमोर तोच माणूस आहे, त्यांची चूक नाही. तोंडाचा कॅन्सर एका जागी जन्मतो आणि तिथून दूर गेला की हाताबाहेर जातो. लिम्फोमा ज्या पेशींचा होतो, त्या लिम्फोसाइट मुळातच फिरत्या आहेत. गाठी, प्लीहा, मज्जा, रक्त हा त्यांचा रोजचाच रस्ता. बिघडलेली पेशीही त्याच रस्त्यानं जाते. म्हणून लिम्फोमाची स्टेज म्हणजे आजार कुठे कुठे आहे याचा नकाशा. मज्जेत सापडला की नियमानं चौथी स्टेज लिहावीच लागते, मग बाकी अंगात एकच गाठ का असेना. आणि औषध शिरेतून जातं, रक्ताबरोबर मज्जेतही पोचतंच.

आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण सुई घालताना तो रोज कानावर येतो. "पाठीतलं पानी काढू नोका जी, मानूस उठत नाई." मॅरो पाठीच्या कण्यातून काढत नाहीत. माणसाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, आणि कंबरेच्या मागे, नितंबाच्या वर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथली जागा बधिर करतात. त्या हाडात मज्जारज्जू नाही. आधी सिरिंजनं मज्जेचा रस ओढतात. ते तीन-चार सेकंद पायात कळ गेल्यासारखं होतं, ते भुलीनंही जात नाही, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो. मग जाड सुई फिरवत फिरवत आत नेऊन हाडाचा एक तुकडा काढतात. उदबत्तीची काडी मोडावी तसा तो दिसतो, तेवढाच बारीक. त्याला ट्रिफाइन म्हणतात, आणि लिम्फोमात खरं महत्त्व याच तुकड्याला. रसात लिम्फोमा बरेचदा येत नाही. तो मज्जेत बेटाबेटानं बसलेला असतो, कधी हाडाच्या कडेला चिकटून.

म्हणून तुकड्याची लांबी बघा. ती रिपोर्टात लिहिलेली असते. दीड ते दोन सेंटीमीटर हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः सहा मिलिमीटरच्या तुकड्यावर 'शिरकाव नाही' असं लिहून दिलं होतं. पेशंट भंडाऱ्याकडचा, दमलेला, पुन्हा सुई नको म्हणत होता, आणि मलाही संध्याकाळची गाडी पकडायची होती. दोन महिन्यांनी त्याच्या प्लेटलेट घसरल्या, दुसऱ्या बाजूनं नीट तुकडा काढला, तर तो भरलेला. औषध त्याला तेच मिळत होतं, त्यामुळे फार बिघडलं नाही, पण तेव्हापासून आखूड तुकड्यावर मी 'नाही' लिहीत नाही. 'तुकडा अपुरा' लिहितो. तुमच्या बाबतीत रिपोर्ट 'आहे' असा आलाय, तर लांबीचा मुद्दा बाजूला. पण 'आहे' मध्येही फसगत होते. वय झालेल्या माणसाच्या मज्जेत साध्या, निरुपद्रवी लिम्फोसाइटचे पुंजके सापडतात, आणि मार्कर, म्हणजे पेशीची जात ओळखायचे खास रंग, लावल्याशिवाय ते लिम्फोमासारखे दिसू शकतात. तेव्हा तुकड्यावर सीडी२०, सीडी३ वगैरे मार्कर लावले होते का, हे विचाराच.

आता मुद्द्याची ओळ. मानेतल्या गाठीत मोठ्या पेशींचा लिम्फोमा आहे. मज्जेत दोन गोष्टी सापडू शकतात. एक, तशाच मोठ्या पेशी. याला आम्ही कॉन्कॉर्डंट म्हणतो. दुसरी, गाठीत मोठ्या पण मज्जेत लहान, दबलेल्या, संथ पेशी, हे डिसकॉर्डंट. दोन्हींना रिपोर्टात 'शिरकाव' म्हणतात, दोन्हींना स्टेज ४ लागते, आणि पेशंटच्या दृष्टीनं दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या डॉक्टरांनी २०११ साली जवळपास आठशे डीएलबीसीएलच्या पेशंटचा हिशोब मांडला. सगळ्यांना आर-चॉप, म्हणजे चॉप नावाची केमो आणि सोबत रिटुक्सिमॅब, हेच औषध दिलेलं. साधारण सोळा टक्क्यांच्या मज्जेत आजार होता, आणि त्यातले निम्म्याहून थोडे जास्त मोठ्या पेशींचे, बाकीचे लहान पेशींचे. मोठ्या पेशीवाल्यांचं भवितव्य इतर गोष्टी जमेस धरूनही कमी चांगलं निघालं. लहान पेशीवाल्यांचं आयुष्य मात्र केवळ मज्जेमुळे कमी झालेलं दिसलं नाही. वय, एलडीएच, स्टेज यांचा हिशोब केल्यावर मज्जेचा वेगळा भार उरलाच नाही.

लहान पेशींचीही एक गोम आहे, ती लपवत नाही. मोठ्या पेशी केमोनं साफ होतात, पण संथ पेशी काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढू शकतात. ते आलं तरी बहुधा संथपणे येतं आणि त्याला औषधं आहेत. तणासारखं समजा. तणनाशकानं शेत स्वच्छ झालं तरी हराळीची मुळी खाली राहते.

तेव्हा तुम्ही करायचं काम एकच: ज्या लॅबमधून मॅरोचा रिपोर्ट आला तिथे जा आणि खिडकीवरच्या माणसाला नव्हे, रिपोर्टखाली ज्यांची सही आहे त्यांना विचारा, "मॅरोतल्या पेशी मोठ्या आहेत की लहान, आणि मज्जेचा किती टक्के भाग व्यापलाय?" आम्हाला असं कोणी विचारत नाही, विचारलं तर बहुतेक जण सूक्ष्मदर्शकापाशी बसवून दाखवतील. रिपोर्टात लिहिलं नसेल तर लिहून मागा. आणि दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन फिरू नका. मेणात बसवलेला तुकडा, त्याला 'ब्लॉक' म्हणतात, तो आणि स्लाइड मागून घ्या, गाठीचा आणि मॅरोचा दोन्ही. पेशंटला ते मिळतात. नागपूरचं मेडिकल असो, सेवाग्राम असो की सावंगी, ब्लॉक हातात असेल तर तिथला पॅथॉलॉजिस्ट हवे ते मार्कर पुन्हा लावू शकतो. नसेल तर बाबांना पुन्हा सुई.

लिम्फोमाच्या इतर जातींबद्दल थोडक्यात, कारण शेजारच्या खाटेवरचा पेशंट काहीतरी वेगळंच सांगतो आणि घोटाळा होतो. फॉलिक्युलर नावाच्या संथ लिम्फोमात निम्म्याहून जास्त पेशंटच्या मज्जेत आजार असतोच आणि ते तरी अनेक वर्षं जगतात. मॅन्टल सेलमध्ये बहुतेकांच्या असतो. हॉजकिनमध्ये कमी, शंभरात पाच-सहा. लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात मज्जेत २५ टक्क्यांहून जास्त घातक पेशी असल्या की त्याला लिम्फोमा न म्हणता ल्युकेमिया म्हणून उपचार होतात. बाबांना 'ब्लड कॅन्सर झाला' असं गावात म्हणतात, तेव्हा लोकांच्या मनात ल्युकेमिया असतो. बाबांचा आजार ल्युकेमिया नाही.

बाबा किती दिवसांचे, याला दिवसांत उत्तर नाही. पण एक गुणपत्रिका आहे, १९९३ पासून जगभर वापरात, तिचं नाव आयपीआय. पाच प्रश्न, प्रत्येकी एक गुण, आणि इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. वय साठच्या वर? बाबा ५८, शून्य. (आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असेल, तर खरं वय आजीला विचारा. अर्ध्या विदर्भाचा जन्म १ जानेवारीचा आहे.) एलडीएच वाढलेलं? होय, एक. स्टेज तीन किंवा चार? एक. गाठींबाहेर एकापेक्षा जास्त अवयवांत? मज्जा हा एकच, म्हणजे शून्य. सीटीत यकृत, हाड, फुप्फुस असं आणखी काही निघालं तर एक. माणूस अंथरुणाला खिळलाय का, म्हणजे काम सुटून जागेपणीचा काही वेळ पडूनच काढावा लागतो का? तुम्ही लिहिता की अंघोळ, जेवण, चौकापर्यंत जाणं सगळं स्वतः करतात, दुपारी तासभर आडवे होतात, घरातलं हलकं काम अजून करतात. शून्य. एकूण दोन.

आर-चॉपच्या काळात याच गुणांची पुन्हा तपासणी झाली, २००७ मध्ये, तीही ब्रिटिश कोलंबियातच. एक किंवा दोन गुणवाल्यांपैकी चार वर्षांनी शंभरातले ७९ हयात होते. तीन ते पाच गुणांच्या सगळ्यात वाईट गटातलेही ५५. काकांना हा दुसरा आकडा वाचून दाखवा. आता यातली खाचखोच. मज्जेत मोठ्या पेशी असतील तर बाबांचं गणित दोन गुणांपेक्षा थोडं जड धरायला हवं. मॅरोतल्या पेशी कोणत्या, हे आयपीआय विचारतच नाही. गाठीच्या तुकड्यावर फिश नावाच्या तपासणीत दोन विशिष्ट जनुकं तुटलेली निघाली, तर औषधच बदलावं लागतं, तेही विचारून ठेवा. आणि हे आकडे अशा ठिकाणचे आहेत, जिथे केमोच्या सहाही फेऱ्या, म्हणजे सायकल, बहुतेक वेळेवर होतात. आपल्याकडे माणूस आजारानं जितका हरतो, तितकाच तिसऱ्या-चौथ्या सायकलला 'गाठ तर गेली' म्हणून घरी बसल्यानं हरतो. दोन सायकलनंतर मानेतली गाठ हाताला लागेनाशी होते. मज्जेतली तुम्हाला हात लावून कळत नाही.

सिकलचा प्रश्न चांगला विचारलात. इतरत्र कोणी विचारला नसता. पूर्व विदर्भात आणि तुमच्या भागात सिकल घरोघरी आहे. बहीण नुसती वाहक आहे की आजारी, ते आधी पाहा. ती आजारी असेल तर बाबा निदान वाहक असण्याची शक्यता मोठी. सिकलमुळे लिम्फोमा होत नाही. पण उपचारात तीन ठिकाणी तो आडवा येतो. वाहकाला सहसा रक्त कमी पडत नाही, तेव्हा ९.८ हिमोग्लोबिन 'सिकलमुळे' म्हणून सोडून देऊ नका, ते मज्जेतल्या आजारामुळे किंवा लोह कमी असल्यानंही असू शकतं. दुसरं, पेट-सीटी, म्हणजे जास्त काम करणाऱ्या पेशी उजळून दाखवणारा स्कॅन. ज्याची मज्जा जास्त काम करते, त्याची सगळी हाडं पेटमध्ये उजळतात, मग कारण सिकल असो, दुसरा रक्तक्षय असो की पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन. डीएलबीसीएलमध्ये पेटवर हाडात ठळक, वेगळे डाग दिसले तर मॅरोची सुई टाळता येते, २०१४ पासून तसे जागतिक निकषच आहेत. पण सगळं हाड सारखं उजळलं तर तो आजार समजू नये. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: पांढऱ्या पेशी वाढवायचं ते इंजेक्शन सिकलच्या रुग्णाला क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलच्या तीव्र वेदनांच्या झटक्यात, ढकलू शकतं. म्हणून पहिल्या केमोच्या आधी बाबांची सिकलची पक्की तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करून घ्या. सोबत हिपॅटायटिस बीची पण. आर-चॉपमधलं 'आर', म्हणजे रिटुक्सिमॅब, झोपलेल्या कावीळीला उठवतं.

बैल. आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचा खर्च बसतो, पण फक्त योजनेत असलेल्या दवाखान्यात, आणि मंजुरी सुरू करण्याआधी घ्यावी लागते. रिटुक्सिमॅब त्या पॅकेजात बसतं का, हे वेगळं विचारा. काही ठिकाणी नुसतं चॉप देऊन सोडतात आणि 'आर' बाहेरून आणायला सांगतात. ते अक्षर गाळू नका. त्यावरच वरचे आकडे उभे आहेत. हे औषध देशी कंपन्या २००७ पासून बनवतात, किंमत पूर्वीसारखी राहिलेली नाही. एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णाला भाड्यात सवलत आहे, त्याचा दाखला दवाखान्यातच मिळतो. हे सगळं करूनही कमी पडलं, तर मग बैलांचं बघू. पेरणीच्या तोंडावर विकून पुन्हा दुप्पट भावानं घेणारे मी पाहिलेत.

फवारणीबद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लिंडेन या जुन्या कीटकनाशकाचा लिम्फोमाशी संबंध मान्य केला आहे. पण एका माणसाच्या लिम्फोमाचं कारण स्लाइडवर कधीच लिहिलेलं नसतं. बाबांनी उपचारांच्या काळात फवारणीला जाऊ नये, एवढं मात्र मी सांगेन.

सायकल दर २१ दिवसांनी. मज्जेत आजार असलेल्या माणसाचा रक्ताचा साठा आधीच कमी, त्यामुळे पहिल्या सायकलनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा त्याला ताप येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. याच दिवसांत गावातले ओळखीचे डॉक्टर एक इंजेक्शन टोचून 'उद्या बघू' म्हणतात. उद्यापर्यंत थांबायचं नाही. घरात थर्मामीटर ठेवा. ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्र असो की पाऊस, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि तिथे 'केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी तपासा, अँटिबायोटिक शिरेतून द्या' असं लिहिलेली चिठ्ठी दाखवा. ही चिठ्ठी पहिल्या केमोच्या दिवशीच डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह घेऊन बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवा. आणि गाठ लहान व्हावी म्हणून कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर देत असेल तर घेऊ नका. गाठ विरघळते, निदान धूसर होतं आणि दोन आठवडे फुकट जातात.

मज्जेत मोठ्या पेशी निघाल्या तर डॉक्टर मेंदूकडे आजार जाण्याच्या धोक्याचा विचार करतील आणि कदाचित पाठीतून पाणी काढून तपासायला सांगतील. या वेळी ते खरंच पाठीतलं पाणी असेल. काढू द्या. त्यानं माणूस लुळा होत नाही. काही तास आडवं पडून राहायला सांगतात, बहुतेकांचं डोकं थोडं दुखतं किंवा दुखतही नाही.

सहा सायकल संपल्यावर पेट झाला आणि हाडं शांत दिसली तर ठीक. पेट परवडला नाही, किंवा मज्जेत लहान पेशी होत्या ज्या पेटला नीट दिसत नाहीत, तर 'आजार गेला' म्हणण्याआधी मॅरो पुन्हा बघावा लागतो. तेव्हा बाबांना आत्ताच सांगून ठेवा की अजून एकदा सुई आहे. पहिल्या वेळी चार जणांनी धरून ठेवावे लागलेले लोक दुसऱ्या वेळी खोलीत आल्याबरोबर स्वतःच शर्ट वर करून कुशीवर वळतात आणि मलाच विचारतात, "त्याच बाजूनं का दुसऱ्या?"